एकतीस सेकंदांचा धवला

वळ गावातली धोंडूबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या घरात हळदीपासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत जे जे होतं ते धवला गाऊन होतं, आणि तो गाणाऱ्या बाईला भटजीइतकाच मान असतो. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, जिथून बोलावणं येईल तिथे धोंडूबाई जायची. लुगडं घट्ट नेसून, मिश्री लावून, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, पण शंभरावर धवले तोंडपाठ होते. कुठला कुठल्या वेळी म्हणायचा, कुठल्या देवाला आधी मूळ, म्हणजे लग्नाचं बोलावणं, धाडायचं, यात तिची चूक आजवर कुणी काढली नव्हती.

मग घशात गाठ आली. मुंबईच्या दवाखान्यात तिचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला पुढून एक भोक राहिलं, त्यातून ती श्वास घ्यायची आणि वर पातळ सुती फडकं बांधायची. आवाज गेला तो कुजबुजण्याइतकासुद्धा उरला नाही. कुणाला हाक मारायची तर पेल्यावर चमचा वाजवायची, बोलायचं तर नुसते ओठ हलवायची. ते ओठ नीट वाचता यायचे ते एकट्या प्रितमला, तिच्या मुलाला.

प्रितम छत्तीस वर्षांचा. गावच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, त्यातल्या एका गोदामात सीसीटीव्हीच्या खोलीत तो ड्युटी करायचा. समोर सोळा चौकोन, सोळा कॅमेरे. सकाळपासून त्यात डोळे घालून बसायचं आणि काही वावगं दिसलं तर वॉकीटॉकीवर सांगायचं. एखाद्या खोक्याची चिकटपट्टी वेगळ्या रंगाची आहे, हेही त्याला तिसऱ्या चौकोनात दिसायचं. सुपरवायझर म्हणायचा, ह्याच्या डोळ्यांना भिंग लावलंय.

तेच डोळे घेऊन तो घरी गेम खेळायचा. अवकाशातले गेम. बाकीचे लोक त्यात धावतात, गोळ्या झाडतात, परग्रहावरच्या राक्षसांना मारतात. प्रितम तिथल्या भिंतींवरच्या पाट्या वाचत बसायचा. कारण हे गेम बनवणारे लोक आपल्या आवडत्या जुन्या सिनेमांतल्या, मालिकांतल्या, गाण्यांतल्या गोष्टी गेममध्ये कुठेतरी लपवून ठेवतात. यानाच्या दारावरचा नंबर एखाद्या जुन्या सिनेमातल्या यानाचा असतो. कॅप्टनच्या टेबलावरचा कप कुठल्यातरी मालिकेतला असतो. परग्रहावरच्या खानावळीच्या पाटीवर पदार्थांच्या नावाखाली एखाद्या वाद्यवृंदातल्या चौघांची नावं असतात. इंग्रजीत याला ईस्टर एग म्हणतात. प्रितम 'लपवलेलं' म्हणायचा. लपवलेलं शोधून त्याचे मराठीत व्हिडिओ करायचा, यूट्यूबवर टाकायचा. पाच वर्षांत हजार-बाराशे लोक जमले होते.

त्याची एकच खंत होती. ती त्याने एकदा निशाला, बायकोला, बोलून दाखवली होती.

"सगळं त्यांचंच असतं गं. अमेरिकेचं नाहीतर जपानचं. एक कप ओळखायला मना त्यांची अख्खी मालिका बघायला लागते. आपलं काय कोण लपवत नाय."

"आपलं काय लपवणार? वडापाव?" निशा म्हणाली. ती धामणकर नाक्यावरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती, दिवसभर लोकांची कुरकुर ऐकून आलेली असायची. प्रितम हसला, पण विषय सोडून दिला तो दिला.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. रविवारची दुपार. उन्नती, त्यांची मुलगी, शेजारी खेळायला गेली होती. निशा कपडे घड्या करत होती. आई बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती. प्रितम एका नव्या गेमचा व्हिडिओ करत बसला होता. गेम काही फार गाजलेला नव्हता. एक मालवाहू यान अवकाशात भरकटलंय, आतली माणसं कधीची मेलीत, सांगाडे खुर्च्यांना पट्ट्यांनी बांधलेले तसेच बसलेत, आणि आपण त्या यानात हिंडून काय झालं ते शोधायचं. ओळीने रचलेले कंटेनर, पिवळे पट्टे, फोर्कलिफ्ट. प्रितम माईकवर म्हणत होता, "तर मंडळी, हे म्हणजे आमच्या वळचं गोदामच झालं. फक्त इथे हजेरी घ्यायला कोणी नाय…"

चालकाच्या खोलीत एक मोडका रेडिओ होता. त्याने बटण दाबलं.

रेडिओतून खरखर आली आणि मग एका बाईचा आवाज. प्रितम बोलतच होता, "आता हा बघा, हा जो आवाज आहे, तो बहुतेक एखाद्या जुन्या…" आणि तिथे ती बाई तिसऱ्या ओळीनंतर किंचित खोकली. हलकंच, घसा साफ केल्यासारखं. आणि पुढची ओळ उचलली.

प्रितमच्या हातातून माऊस सुटला.

तो खोकला त्याने शेकडो वेळा ऐकला होता. तो आठ वर्षांचा असताना कल्याणहून एक रेकॉर्डिंगवाला आला होता. आगरी लग्नगीतांची कॅसेट काढायची म्हणून त्याने धोंडूबाईला शाळेच्या वर्गात बसवून गायला लावलं. सूर्याला आणि चंद्राला लग्नाचं मूळ धाडायच्या धवल्यात ती मध्येच खोकली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, बाई, पुन्हा पहिल्यापासून घेऊ. ती म्हणाली, देवाला एकदा हाक मारली, आता परत घरी जाऊन बस म्हणून सांगू कं त्याला? कॅसेट खोकल्यासकट निघाली. दोन-तीन हंगाम नाक्यावरच्या दुकानांत वाजली, प्रत्येक हळदीला वाजली, मग दुसऱ्या कॅसेटी आल्या. घरातली एकुलती एक प्रत कुणीतरी लग्नासाठी मागून नेली ती परत आलीच नाही. रेकॉर्डिंगवाल्याचं दुकानही राहिलं नाही.

आणि आता ती इथे होती. एकतीस सेकंद. मग तुकडा संपायचा आणि पहिल्यापासून सुरू व्हायचा.

"निशा," त्याने हाक मारली. त्याचा आवाज इतका वेगळा आला, की निशा घडी तशीच टाकून धावत आली.

"काय झालं?"

"आयेचा आवाज हाय."

निशाने हेडफोन कानाला लावला. लग्नाआधी तिने सासूला कुणाच्यातरी हळदीत गाताना ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले. "आईंना ऐकवा आधी," ती म्हणाली.

पण प्रितमने आधी व्हिडिओ टाकला. हे त्याला पुढे फार लागलं. त्या क्षणी मात्र त्याला एवढंच वाटत होतं, की पाच वर्षं दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तू ओळखत आलो, आज आपल्या घरातली सापडली, आता जगाने बघावं. आई झोपलेली, तिला संध्याकाळी सांगू. व्हिडिओ टाकला आणि गेम खेळणाऱ्यांच्या फोरमवर मोडक्या इंग्रजीत लिहिलं: हा आवाज माझ्या आईचा आहे. ती लग्नात गाते. हे आमचं गाणं आहे.

फोरमवर त्या आवाजाची चर्चा आधीच चालू होती. लोकांनी ठरवून टाकलं होतं, की ही गेमवाल्यांनी बनवलेली परग्रहवासीयांची भाषा आहे. एकाने त्या भाषेचं व्याकरण मांडलं होतं. एकाने लांबलचक लिहिलं होतं, की तो खोकला म्हणजे परग्रहावरच्या साथीची खूण, यानातली माणसं कशाने मेली याचं उत्तर त्यात आहे. प्रितमच्या मजकुराखाली चार-पाच जणांनी हसण्याची चित्रं टाकली. एकाने विचारलं, पुरावा? प्रितमने शब्दन् शब्द लिहून अर्थ दिला. दुसरा म्हणाला, ऐकून कुणीही काहीही शब्द लावेल. तिसऱ्याने लिहिलं, तुझ्या आईलाच गायला सांग ना, व्हिडिओ टाक.

प्रितमने फोरम बंद केला.

आईला त्याने दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आल्यावर ऐकवलं. खुर्ची पुढे ओढून तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं, स्पीकर मोठा केला आणि रेडिओचं बटण दाबलं.

धोंडूबाई पहिल्या ओळीला ताठ बसली. दुसऱ्या ओळीला तिचे ओठ आपोआप हलायला लागले. खोकला आला तेव्हा तिने प्रितमकडे बघितलं आणि मान हलवली. निशा दारात उभी राहून रडत होती. प्रितमला वाटलं, इतक्या वर्षांत आपण आईसाठी काही केलं असेल तर ते हे.

तुकडा संपला आणि पहिल्यापासून सुरू झाला. धोंडूबाईच्या कपाळावर आठी पडली. तिने बोटाने पडदा दाखवला. रेडिओशेजारच्या खुर्चीतला सांगाडा दाखवला.

'हा कोन?' ओठ म्हणाले.

"हा चालक. मेलेला हाय. खोटं हाय गं आये, गेम हाय."

'सगलेच मेलेत?'

"हां."

'मंग नवरी कोन हाय?'

धोंडूबाईने हाताने खूण केली, बंद कर. त्याने बटण दाबलं. तिचे ओठ भराभर हलत होते, त्यालाही सगळं कळेना. एवढं कळलं, की चांदा-सूर्याला मूळ धाडलंय, ते देव येतील, आणि दारात बसवायला कोणी नाही. मढ्यांच्या घरात धवला घालत नाहीत. आणि अर्ध्यावर तोडलाय. पुढे मांडव आहे, हळद आहे, काहीच नाही, पुन्हा पुन्हा देवाला हाकच मारतात.

'काढ माजा आवाज तिथून,' ती म्हणाली. 'मना न्हाय चालत.'

त्या दिवशी ती जेवली नाही. दोन दिवसांनी पुन्हा पेल्यावर चमचा वाजवून तिने प्रितमला बोलावलं आणि विचारलं, काढला का. त्यानंतर रोजच विचारायची.

प्रितमने कंपनीला पत्र लिहिलं. निशाने दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडून इंग्रजी तपासून आणलं. पण लिहिताना त्याचं मन दोन्हीकडे होतं. आईला आवाज तिथे नको होता. त्याला मात्र तिचं नाव हवं होतं. गेम संपल्यावर जी नावं वर सरकत जातात त्यात कुठेतरी धोंडूबाई, गाव वळ, एवढं आलं असतं तर त्याने आईची समजूत घातली असती. म्हणून त्याने लिहिलं: कृपया माझ्या आईचं नाव द्या. ते जमत नसेल तर आवाज काढून टाका.

दीड महिना उत्तर नव्हतं. मधल्या काळात तो रोज ड्युटीवरून आला की एकदा त्या यानात जायचा, हेडफोन लावायचा, एकतीस सेकंद ऐकायचा आणि बंद करायचा. आईला कळू द्यायचा नाही. ते वेगळं रेकॉर्ड करून ठेवावं असं त्याच्या डोक्यात आलं नाही. गेम कुठे पळून जातोय, असंच वाटत राहिलं.

एका बुधवारी तो यानात गेला, बटण दाबलं, आणि रेडिओतून नुसती खरखर आली. पुन्हा दाबलं, पुन्हा खरखर. गेम बंद करून चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यातला गेमच्या आवृत्तीचा छोटा आकडा बदलला होता. दुपारी कॉम्प्युटर चालू असताना गेमचं नवं अपडेट आपोआप येऊन बसलं होतं.

कंपनीचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. फार सभ्य होतं. हा आवाज आम्ही एका ध्वनिसंग्रहातून रीतसर घेतला होता. तिथे त्याची नोंद 'आशिया, स्त्री, गायिका अज्ञात' अशी आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. आपल्या विनंतीनुसार तो काढून टाकला आहे. आपण आमचा गेम आवडीने खेळता याचा आनंद वाटतो.

प्रितमने त्या ध्वनिसंग्रहाची साइट शोधून काढली. कंपनीने त्यांनाही कळवलं असावं, तिथून तो आवाज हटवला होता. त्याने तीन वेळा लिहिलं, आम्हाला एक प्रत तरी द्या. उत्तर आलं नाही.

फोरमवर मात्र उत्तरं भरपूर आली. ज्यांनी व्याकरण मांडलं होतं ते चिडले होते. एका माणसाने तक्रार करून सगळ्यांच्या गेमचं वाटोळं केलं, असं लिहून प्रितमच्या चॅनेलचा पत्ता दिला होता. त्याच्या व्हिडिओंखाली रोज शिव्या पडायला लागल्या. काही आईवरून होत्या. प्रितमने मत लिहायची सोय बंद केली. पुढचा व्हिडिओ त्याने केलाच नाही.

आईला त्याने सांगितलं, "काढला गं." तिने समाधानाने मान डोलावली आणि फडकं नीट केलं. त्या दिवशी तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

फाल्गुनात तिला धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. गाठ फुप्फुसात उतरली होती. मोठ्या डॉक्टरांनी प्रितमला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरीच न्या, दुखणार नाही एवढं औषध देतो. घरी बाहेरच्या खोलीत खाट लावली. उन्नती शाळेतून आली की आजीच्या पायाशी बसून चित्रं काढायची. धोंडूबाईचं चमचा वाजवणंही हळूहळू कमी झालं.

एका सकाळी प्रितम तिचं फडकं बदलत होता. तिने त्याचा हात धरला. ओठ हलले.

'मना माजा आवाज आयकव.'

प्रितमला वाटलं आपण चुकीचं वाचलं. "काय?"

'माजा आवाज. तो डब्यातला.'

"आये, तूच बोल्ली ना काढ म्हणून?"

'तवा मना राग आला व्हता,' ती म्हणाली. 'आता आयकव.'

निशा आतून बघत होती. खोटं सांगायला तोंड वळेना आणि खरं सांगवेना. शेवटी त्याने फोन काढला आणि त्याचाच तो रविवारचा व्हिडिओ लावला. घरात त्या आवाजाचं एवढंच उरलं होतं.

फोन त्याने आईच्या कानाशी धरला. खरखर झाली. मग आईचा आवाज आला आणि त्याच्यावर, मोठ्याने, उत्साहाने, प्रितमचा. "आता हा बघा, हा जो आवाज आहे, तो बहुतेक एखाद्या जुन्या…" पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. खोकल्यानंतर तो थांबला होता खरा, पण लगेच माऊस पडल्याचा आवाज, खुर्चीची करकर, मग निशाला मारलेली हाक, तिची पावलं, त्यांचं दोघांचं बोलणं. आईचा आवाज मागे कुठेतरी, शेजारच्या घरातून यावा तसा.

धोंडूबाईने डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न केला. तिच्या कपाळावर पुन्हा ती आठी आली. तिने हात उचलला आणि फोनसमोर हलवला, पोरांना गप्प करताना हलवतात तसा.

'गप ना रं,' तिचे ओठ म्हणाले. 'आयकू दे.'

प्रितम फोन हातात धरून उभा होता. तो तर गप्पच होता.

त्यानंतरचे चार दिवस त्याने रजा घेतली आणि कॉम्प्युटरसमोर काढले. दोन आवाज वेगळे करायचे प्रोग्राम असतात, ते त्याने एकामागून एक चालवून पाहिले. त्याचा आवाज गेला, पण त्याच्याबरोबर आईच्या आवाजातला जीवही गेला. उरलं ते पाण्याखालून कुणीतरी बोलावं तसं, शब्द विरघळलेलं. परदेशातल्या दोघा-तिघांनी त्या रेडिओचे व्हिडिओ टाकले होते, तेही त्याने शोधले. एक जण वरून बडबडत होता. दुसऱ्याने खाली ड्रमचा ठेका जोडून नाचायचं गाणं केलं होतं. तिसऱ्याचा व्हिडिओ उघडेना.

पाण्याखालचा तो तुकडा आईला ऐकवायचा की नाही, हे त्याचं ठरेना. पाचव्या दिवशी दुपारी तो ठरवून बाहेरच्या खोलीत आला, फोन हातात घेऊन. निशा खाटेशी बसली होती. तिने त्याच्याकडे बघून फक्त मान हलवली.

धोंडूबाईच्या तेराव्याला गाव आलं होतं. पंगती उठल्यावर लडकू पाटलाची बायको, ताई, प्रितमशेजारी येऊन बसली. तिच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. पदराशी चाळा करत ती म्हणाली, "प्रितम, आता बोलू नये पन बोलते. धोंडूबायचा आवाज व्हता तवर आमाला चिंता नव्हती. आता सगलीकडं विचारलं, पूर्न धवला येतंय असं कोनच न्हाय राहिलं. तुज्याकडं तिचा काय टेप हाय कं? असला तर तोच लावू मांडवात."

प्रितमने खिशातल्या फोनवर हात ठेवला. त्यात एकतीस सेकंद होते, त्यावर त्याची बडबड, आणि दुसऱ्या फाईलीत ते पाण्याखालचं.

"न्हाय काकी," तो म्हणाला. "काय न्हाय राहिलं."

"कायच न्हाय?"

"न्हाय."

ताई उसासा टाकून उठली. आता डीजेवाल्यालाच सांगू, मोबाईलवर असेल ते लाव म्हणून, असं म्हणत पायऱ्या उतरून गेली. प्रितमने उरलेल्या पत्रावळी गोळा करून परसात नेऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याची ड्युटी होती.